मनगटापासून तीन बोटे



खरं तर या अंकासाठी मी गिअरबॉक्सवर लेख देणार होतो. निम्मा लिहूनही झाला होता. पण सबमिशनच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेअकराला आमच्या विंगमधला एक मित्र दारात येऊन उभा राहिला. पुढच्या सोमवारी त्याच्या आईची केमोथेरपी सुरू होणार होती. म्हणाला, "मागच्या वर्षी तू मेसमध्ये सांगत होतास ना, मनगटावरचा एक पॉइंट दाबला की उलट्या थांबतात. तो मला दाखव. म्हणजे त्या महागाच्या कॅप्सूल घ्यायला नकोत."

मी त्याचा हात हातात घेतला आणि तसाच थांबलो. मागच्या वर्षी जे मी छातीठोकपणे सांगत सुटलो होतो त्यातलं निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं मी स्वतःच कधी तपासलं नव्हतं. त्या रात्रीनंतर लायब्ररीत आणि कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून जे वाचलं ते इथे मांडतो. गिअरबॉक्स पुढच्या अंकात.

मागच्या वर्षी माझ्या मावशीवर स्तनाच्या कर्करोगासाठी उपचार चालू होते. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं होतं, काखेतल्या गाठीही काढल्या होत्या. पुढे दर २१ दिवसांनी एक असे लाल औषधाचे चार डोस द्यायचे होते. मावसभाऊ नोकरीनिमित्त बाहेर, काकांना दिसायला कमी, आणि हॉस्पिटल आमच्या कॉलेजपासून दोन बस बदलून. तेव्हा सोबतीला मी.

पहिल्या डोसच्या दिवशी मावशी हसत घरी आली. "एवढंच होय? उगाच घाबरवलं सगळ्यांनी." गोळ्यांची पुडी तिने देवघराच्या फळीवर ठेवून दिली. उलटी झाली तर घेऊ, असा तिचा हिशोब. दुसऱ्या रात्री दोन वाजता सुरुवात झाली ती पहाटेपर्यंत. शेवटी पोटात काही उरलं नव्हतं, तरी कोरडे उमाळे थांबेनात. बादली धरून बसलेला मी थर्ड इयर मेकॅनिकलचा विद्यार्थी. थर्मोडायनॅमिक्सचे तिन्ही नियम पाठ, पण समोर काय चाललंय आणि का, याचा पत्ता नाही.

ते आता थोडं कळलंय म्हणून आधी तेच सांगतो.

उलटी कुठून येते?

आपली समजूत अशी की पोट बिघडलं की उलटी होते. केमोमध्ये पोट बिघडलेलं नसतं. औषध रक्तातून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतं आणि तिथल्या काही पेशी सेरोटोनिन नावाचं रसायन बाहेर टाकतात. ते व्हेगस या लांबलचक नसेच्या टोकांवर बसतं आणि तिथून मेंदूकडे निरोप जातो की विष आलंय, बाहेर काढा. मेंदूच्या खालच्या भागात रक्ताची चव घेणारी एक जागाही आहे, तीही हाच निरोप देते. म्हणजे सेन्सर शाबूत, वायरिंग शाबूत, कंट्रोलरही शाबूत. शरीराला एवढंच कळत नाही की हे विष आपण मुद्दाम, पैसे देऊन घेतलंय.

डोसनंतर पहिल्या २४ तासांतली मळमळ मुख्यतः या सेरोटोनिनची. त्यानंतरची, दुसऱ्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत रेंगाळणारी मळमळ वेगळ्या जातीची असते. तिच्यात सबस्टन्स-पी नावाच्या दुसऱ्या रसायनाचा हात मोठा. मावशी पहिल्या दिवशी हसत होती आणि दुसऱ्या रात्री बादलीवर होती, त्याचा उलगडा इथे होतो. ऑनडान्सेट्रॉनची गोळी सेरोटोनिनचं कुलूप अडवते. सबस्टन्स-पीसाठी ॲप्रेपिटंट (माझ्या मित्राला टाळायची होती ती महाग कॅप्सूल हीच). जोडीला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. ही औषधं आगीवर टाकायचं पाणी नाहीत. आग लागण्याआधी घ्यायची असतात. पुडी देवघरात ठेवून चालत नाही.

तिसरा एक प्रकार आहे, त्याला रसायन लागत नाही. तिसऱ्या डोसच्या वेळी रिक्षा हॉस्पिटलच्या गेटकडे वळली आणि मावशीने तोंडाला पदर लावला. अजून सुईसुद्धा टोचली नव्हती. स्पिरिटचा वास, तो हिरवा पडदा, वॉर्डमधला पंखा, एवढंच पुरतं. पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची, तसंच हे. पहिले डोस जितके वाईट जातात तितकी ही सवय शरीराला पक्की लागते. म्हणून पहिल्याच डोसला उलटी आटोक्यात ठेवणं फार मोलाचं.

तो बिंदू

दुसऱ्या डोसच्या वेळी डे केअरमधल्या सिस्टरांनी मावशीची हजेरी घेतली. "गोळ्या कधी घेतल्या?" मावशी गप्प. मी खरं सांगून टाकलं. सिस्टर रागावल्या, पण त्यांनी घड्याळाच्या वेळा घालून गोळ्यांचा कागद लिहून दिला. डॉक्टरांनी रात्रीची आणखी एक गोळी वाढवली, ओलान्झापिन. आणि जाता जाता सिस्टर म्हणाल्या, "मावशी, हात द्या इकडे. हे बघून ठेवा, रात्री मळमळलं की करा."

चिनी पद्धतीत या बिंदूचं नाव नेइग्वान, अर्थ साधारण 'आतला दरवाजा'. डॉक्टरी लेखांत त्याला पी-सिक्स म्हणतात. शोधायचा असा. तळहात वर करायचा. मनगटावर जी आडवी घडी पडते तिला लावून रुग्णाच्याच दुसऱ्या हाताची तीन बोटे (तर्जनी, मधलं, अनामिका) कोपराच्या दिशेने आडवी ठेवायची. बोटे रुग्णाचीच हवीत. माझ्या जाड पंजाची तीन बोटे मावशीच्या हातावर ठेवली तर माप चुकतं. तिसरं बोट संपतं तिथे, हाताच्या मधोमध, दोन दोऱ्यांच्या मधल्या खाचेत तो बिंदू.

दोऱ्या दिसत नसतील तर अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित आत वळवा. मधोमध एक दोरी ताठ उभी राहते. तिच्या अंगठ्याकडच्या बाजूला दुसरी. गंमत म्हणजे ती मधली दोरी सगळ्यांना नसतेच! आमच्या विंगमध्ये सगळ्यांनी करून पाहिलं, त्यात दोघांना सापडली नाही आणि त्यातला एक तर रात्रभर आपल्याला काहीतरी झालंय म्हणून हिंडत होता. काही झालेलं नसतं. ती दोरी नसली तरी हाताची ताकद कमी होत नाही आणि जागा मापाने काढता येते.

अंगठ्याने दाबायचं. घट्ट, पण दुखेल इतकं नाही, बारीक गोल फिरवत, दोन-तीन मिनिटं. मग दुसरा हात. मळमळ आल्यावर करायचंच, पण जेवणाआधी आणि हॉस्पिटलला निघण्याआधीही करायला हरकत नाही. प्रवासात गाडी लागू नये म्हणून मिळणारा मनगटाचा पट्टा असतो, त्याला आतून एक प्लॅस्टिकची गोटी असते. ती याच जागी बसवतात.

"दोन्ही हातांना करा" हे सिस्टर सगळ्यांना सांगत. मावशीला मात्र त्यांनी डावा हात वगळायला सांगितला होता. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला हाताला सूज धरण्याचा धोका असतो. हे मी ऐकलं आणि विसरलो. चौथ्या डोसला मोठ्या उत्साहाने गोटीचे दोन पट्टे विकत आणले आणि मावशीच्या दोन्ही मनगटांना रात्रभर चढवून ठेवले. सकाळी डाव्या हाताची बोटं फुगलेली, अंगठी निघेना. मावशी मला काही बोलली नाही. काकांना मात्र आतल्या खोलीत म्हणाली, "पोराने प्रेमाने बांधलंय, त्याला सांगू नका." मला ऐकू आलं. डॉक्टरांना दाखवलं, दोन-तीन दिवसांत सूज उतरली. पण 'दाबल्याने काही बिघडत तर नाही' हे वाक्य मी तेव्हापासून उच्चारत नाही.

मेसमधला दावा

दुसऱ्या डोसनंतर मावशीला एकच उलटी झाली. तिसऱ्यानंतर एकही नाही. (मळमळ होती, पण चहा-टोस्ट पोटात राहत होता.) मी हॉस्टेलवर येऊन जाहीर केलं की ॲक्युप्रेशरने उलट्या थांबल्या. टाळ्याही मिळाल्या.

आता हेच कुणी व्हायव्हाला सांगितलं असतं तर सरांनी काय विचारलं असतं? दोन रीडिंगच्या मध्ये काय काय बदललं? गोळ्या वेळेवर सुरू झाल्या. रात्रीची नवी गोळी आली. बिंदू दाबायला सुरुवात झाली. तीन व्हेरिएबल एकदम बदलले आणि मी श्रेय दिलं ते मला आवडलेल्या एकालाच. जर्नलमध्ये असं लिहिलं असतं तर सरांनी पान फाडलं असतं.

मग इतरांनी नीट मोजलंय का? मोजलंय, आणि गेली चाळीस वर्षं मोजतायत.

सुरुवात आयर्लंडच्या उत्तर भागात, बेलफास्टला. तिथल्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतले भूलशास्त्राचे प्राध्यापक जॉन डंडी यांनी १९८०च्या दशकात ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर या बिंदूचा प्रयोग केला. १९८६ साली ते निष्कर्ष छापून आले. मग ते केमोच्या रुग्णांकडे वळले. तेव्हा सिसप्लाटिन हे औषध जोरात होतं. त्याचा जन्मही आपल्या लोकांना आवडेल असा. बार्नेट रोझेनबर्ग हे अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. इलेक्ट्रोड प्लॅटिनमचे, कारण प्लॅटिनम कशात विरघळत नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं. जिवाणू लांबच लांब वाढले, पण दुभंगेनात. कारण वीज नव्हती, इलेक्ट्रोडमधून सुटलेलं प्लॅटिनम होतं. हे १९६५ सालचं. १९७८मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून परवानगी मिळाली. पेशी दुभंगू न देणारं हे औषध फार गुणकारी, आणि उलटीविरोधी औषध सोबत न दिल्यास जवळपास प्रत्येकाला उलटी करायला लावणारं.

डंडी यांनी अशा रुग्णांच्या मनगटात सुई टोचून तिला हलकी वीज दिली. बहुतेकांना बरं वाटलं, पण परिणाम आठ तासांत ओसरायचा. म्हणून १९९०मध्ये त्यांनी सुईनंतर गोटीचा पट्टा बांधून दर दोन तासांनी दाबायला सांगितलं, तर तो परिणाम दिवसभर टिकला. १९९१च्या त्यांच्या आणखी एका प्रयोगाने तर मला खुर्चीत सरळ बसवलं. त्या बिंदूत भुलीचं इंजेक्शन देऊन जागा बधिर केली, की सुईचा उपयोग संपतो. म्हणजे निरोप नसेतून जात असावा. बिंदूच्या बरोबर खाली हाताची मधली मोठी नस आहेच. वायर काढली की सिग्नल बंद. वर मेंदूत नेमकं काय होतं ते अजून कुणी खात्रीने सांगितलेलं नाही.

पण एक लक्षात घ्या. ऑनडान्सेट्रॉनला अमेरिकेत परवानगी मिळाली १९९१ साली. डंडींचे प्रयोग त्याच्या आधीचे. तेव्हा आजच्याइतकं चांगलं औषध हाताशी नव्हतं, त्यामुळे थोडासा फायदाही उठून दिसत होता. आज प्रश्न वेगळा आहे. चांगली औषधं दिल्यावर वर उरलेल्या मळमळीत या बिंदूने किती फरक पडतो?

२००० साली स्तनाच्या कर्करोगाच्या १०४ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास छापून आला. त्यांना फार जबर केमो दिली होती. पाच दिवसांत उलट्या किती? फक्त औषध घेणाऱ्यांत मध्यक १५, औषध आणि नुसती वरवर सुई टोचलेल्यांत १०, औषध आणि वीज दिलेली सुई यांत ५. आकडे सुंदर. पण नवव्या दिवसापर्यंत फरक पुसला गेला. आणि ती सुई होती, अंगठा नव्हे. मधला १०चा आकडाही विसरू नका. वरवरच्या टोचण्यानेसुद्धा १५चे १० झाले!

अंगठ्याचं आणि पट्ट्याचं चित्र जास्त धूसर आहे. २००३ साली ७३९ रुग्णांवरच्या अमेरिकन अभ्यासात पट्टा बांधलेल्यांना डोसच्या दिवशी मळमळ कमी झाली, नंतरच्या दिवसांत फरक नाही, उलटीतही नाही. पट्ट्याने बरं वाटेल अशी ज्यांची अपेक्षा होती त्यांना फायदाही जास्त झाला. २००७मध्ये १६० स्त्रियांवर अंगठ्याने दाबण्याचा अभ्यास झाला. तुलनेसाठी काही जणींना हाताच्या करंगळीकडचा भलताच बिंदू दाबायला सांगितलं होतं. इथे पहिल्या दिवशी काही फरक नाही, नंतरच्या दिवसांत मात्र खरा बिंदू दाबणाऱ्यांना त्रास कमी. म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या बरोबर उलट. २०१३ साली ब्रिटनमधला ५०० रुग्णांचा मोठा अभ्यास आला. काहींना खरा पट्टा, काहींना दिसायला तसाच पण बिंदू न दाबणारा पट्टा, काहींना नुसती औषधं. तिन्ही गटांत मळमळीचा म्हणावा असा फरक सिद्ध झाला नाही.

इथे मला खरी अडचण दिसते ती खोट्या पट्ट्याची. गोळीच्या चाचणीत साखरेची गोळी देता येते, रुग्णाला कळत नाही. स्पर्शाची साखरेची गोळी कशी बनवणार? हातावर काहीतरी बांधलं, कुणीतरी प्रेमाने दाबलं, लक्ष तिकडे गेलं, हे सगळंच थोडं थोडं काम करत असणार. नॉइज वेगळा काढावा तर सिग्नलच त्याच्यात मिसळलेला. मला वाटतं अंगठ्याने उलटी थांबत नाही. काहींची मळमळ काही वेळ सुसह्य होते, आणि त्यात बिंदूचा वाटा किती व दाबणाऱ्या माणसाचा किती हे मी तरी वेगळं करू शकत नाही. जत्रेत मिळणारे लाकडी रोलर आणि तळपायावर सगळे अवयव छापलेले तक्ते यांना तर एवढाही आधार नाही. जो काय आहे तो या एका बिंदूपुरता.

मग सांगावं की नाही? मी मावशीला विचारलं (तिचे उपचार संपले, आता दर काही महिन्यांनी तपासणी असते). ती म्हणाली, "अरे, तिथे सगळं दुसरेच करत असतात. सुई दुसरे लावतात, सलाईन दुसरे बघतात. रात्री तीनला जागी असायची तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं." अभ्यासांत याचा रकाना मला दिसला नाही, पण २०१३च्या त्याच अभ्यासात ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांनाही पट्टा एकंदरीत आवडला होता.

मित्राला जे सांगितलं ते

गोळी आणि कॅप्सूल आधी, लिहून दिलेल्या वेळेला, मळमळ नसली तरी. बिंदू त्याच्या जोडीला, कधीही त्याऐवजी नाही. कॅप्सूलचा खर्च झेपत नसेल तर परस्पर बंद न करता डॉक्टरांनाच सांगायचं. स्वस्त कंपनीची किंवा दुसरी औषधं असतात, आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर नावाची व्यक्ती बसते, तिचं कामच ते. लाज वाटते म्हणून आपली माणसं तिथपर्यंत जात नाहीत.

ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्यात, ज्या हाताला औषधाची नळी कायम ठेवलीय, जिथे कातडी सोलवटलीय किंवा सूज आहे, तो हात सोडायचा. डोसनंतर आठवडा-दोन आठवड्यांनी रक्तातल्या प्लेटलेट खाली येतात, तेव्हा जोरात दाबलं तर काळे-निळे डाग पडतात. आधी डॉक्टरांना विचारायचं आणि तोवर हात हलका. पट्टा बांधलाच तर बोटं फुगली, मुंग्या आल्या की लगेच काढायचा. आणि पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली, किंवा ताप ३८ अंशांवर (थर्मामीटरवर १००.४) गेला, तर अंगठा बाजूला ठेवून त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं. केमोतला ताप सकाळपर्यंत थांबत नाही.

हे सगळं मी एका दमात बोललो. त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं, जसं आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री एकमेकांकडून घेतो. मग विचारलं, "कॅप्सूलचं बाबांना कसं सांगू? त्यांना मीच म्हटलं होतं की नको."

मी म्हटलं, आत्ता फोन कर. रात्रीचे साडेबारा झाले होते. पॅसेजच्या टोकाला, जिथे रेंज येते तिथे, तो बराच वेळ उभा होता. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा जागेच होते. उद्या आणतायत." आणि त्याने आपला हात पुढे केला. "आता पॉइंट दाखव. नीट दाखव, आईला मलाच शिकवायचंय."

त्याची ती मधली दोरी होती. बिंदू लगेच सापडला.